डेम्पस्टर : बर्फाच्या भरवशावरचा रस्ता

कॅनडाच्या वायव्य टोकाला, अलास्काला खेटून युकॉन नावाचा प्रदेश आहे. तिथलं डॉसन सिटी हे सोन्याच्या शोधासाठी गाजलेलं गाव. १८९६च्या ऑगस्टमध्ये जवळच्या एका ओढ्यात सोनं सापडलं आणि दोन-तीन वर्षांत हजारो माणसं इथे येऊन धडकली. या डॉसनच्या अलीकडे चाळीस किलोमीटरवर मुख्य रस्त्याला उत्तरेच्या अंगाला एक खडीचा फाटा फुटतो. तोच डेम्पस्टर महामार्ग. फाट्यावर वळल्यानंतर पहिला पेट्रोल पंप येतो तो ३६९ किलोमीटरवर. मधल्या टप्प्यात गाव नाही, किराणा दुकान नाही, मोबाइलची रेंज नाही. इनुविकपर्यंत ७३६ किलोमीटर आणि तिथून आर्क्टिक महासागराच्या काठावरच्या तुक्तोयाक्तुकपर्यंत आणखी १३८. आपला मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याहून बऱ्याच लांब अशा या रस्त्यावर, शेवटचं टोक धरून, गावं लागतात फक्त चार.

डेम्पस्टरवर जाऊन आलेले लोक डोंगर, अस्वलं, मध्यरात्रीचा सूर्य यांची वर्णनं करतात आणि ती करावीत असंच ते रान आहे. पण मला त्या रानापेक्षाही रस्ताच जास्त विलक्षण वाटतो. त्याच्या बहुतेक लांबीत खाली बर्फ आहे. तो बर्फ टिकला तर रस्ता टिकतो, वितळला तर खचतो. रस्ता कसा बांधायचा, कधी चालू ठेवायचा, कधी बंद करायचा, हे सगळं शेवटी बर्फच ठरवतो.

या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जिचं तापमान शून्याच्या वर जात नाही, अशी जमीन. व्याख्या दोन वर्षांची असली तरी इथली जमीन हजारो वर्षं गोठलेली आहे आणि उत्तरेकडे जावं तसा हा थर शेकडो मीटर खोल होत जातो. उन्हाळ्यात फक्त वरचा पातळ पापुद्रा सुटतो. त्यात शेवाळ, छोटी झुडपं आणि काटकुळे स्प्रूस वृक्ष तग धरून असतात. पाणी खाली मुरू शकत नाही, म्हणून पाऊस अगदी कमी पडूनही हा सगळा मुलूख दलदलीचा दिसतो. वरचं शेवाळ हेच खालच्या बर्फाचं खरं संरक्षण. ते खरवडून काढलं की उन्हाळ्याची उष्णता थेट आत जाते, बर्फाचं पाणी होतं आणि काल जिथे टणक जमीन होती तिथे आज चिखलाचं डबकं होतं.

अभियंत्यांना हा धडा १९४२ साली मिळाला. दुसऱ्या महायुद्धात जपानी हल्ल्याच्या भीतीनं अमेरिकेच्या सैन्यानं अलास्का महामार्ग अवघ्या आठ-नऊ महिन्यांत खोदून काढला. बुलडोझरनं झाडं आणि शेवाळ बाजूला सारून रस्ता करायची नेहमीची पद्धत तिथे वापरली गेली आणि काही ठिकाणी यंत्रं त्याच रस्त्यात रुतून बसली. मग झाडांचे ओंडके आडवे टाकून त्यावरून रस्ता न्यावा लागला. गोठलेली जमीन उघडी करायची नाही, ती झाकून ठेवायची, हे तेव्हापासून उत्तरेतल्या रस्तेबांधणीचं पहिलं सूत्र झालं.

डेम्पस्टर या सूत्रावर उभा आहे. एरवी डोंगरात रस्ता करताना उंचवट्यावर खोदतात आणि तीच माती सखल भागात भरतात. इथे गोठलेल्या जमिनीवर खोदायची सोयच नाही, फक्त भरायचं. शेवाळ आहे तसं ठेवून त्यावर खडीचा १.२ ते २.४ मीटर जाडीचा बांध घातला आहे. आपल्याकडे बर्फवाला लादीवर लाकडाचा भुसा पसरून गोणपाट टाकतो, ते ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी ही खडी आहे. उन्हाळ्याची धग तिच्यातच जिरते, खालच्या बर्फापर्यंत पोचत नाही. डांबर न घालण्याचं एक कारणही इथेच आहे. काळा पृष्ठभाग ऊन शोषून घेतो, आणि जमीन थोडी जरी हलली तरी डांबराला तडे जातात. खडी मात्र ग्रेडर फिरवून पुन्हा सारखी करता येते. उन्हाळाभर ही ग्रेडर यंत्रं रस्त्यावर फिरत असतात.

हा रस्ता झाला तो तेलासाठी. १९५८ साली पंतप्रधान जॉन डिफेनबेकर यांच्या सरकारनं उत्तरेतली खनिजं बाहेर काढण्यासाठी रस्ते बांधण्याची योजना जाहीर केली. ईगल प्लेन्स नावाच्या पठारावर तेल आणि वायूचा शोध चालू होता, तिथे अवजड यंत्रसामग्री न्यायची होती. विरोधी पक्षनेते लेस्टर पिअर्सन यांनी हे रस्ते एका इग्लूपासून दुसऱ्या इग्लूपर्यंत जाणारे आहेत अशी टीका केली. १९५९मध्ये काम सुरू झालं, पण सुमारे ११५ किलोमीटर झाल्यावर खर्च आणि राजकारण यात ते अडकलं. पुढे १९६८ साली अलास्काच्या प्रुधो बे इथे प्रचंड तेलसाठा सापडला आणि १९६९मध्ये 'मॅनहॅटन' हे अमेरिकी तेलवाहू जहाज बर्फ फोडत वायव्य मार्गानं कॅनडाच्या बेटांमधून गेलं. उत्तर आपलीच आहे हे दाखवण्याची निकड कॅनडाला अचानक जाणवली. रस्त्याचं काम पुन्हा हाती घेण्यात आलं आणि १८ ऑगस्ट १९७९ला डेम्पस्टरचं उद्घाटन झालं. आर्क्टिक वृत्त ओलांडणारा कॅनडातला हा पहिला बारमाही रस्ता.

नाव दिलं गेलं ते एका पोलिसाचं, आणि त्या नावामागची कथा सविस्तर सांगायला हवी. रस्ता ज्या मुलखातून जातो त्याचं सगळं मर्म तिच्यात आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनडाचं घोडदळ पोलीस दल दर हिवाळ्यात डॉसन आणि उत्तरेकडच्या फोर्ट मॅकफर्सन या ठाण्यांमध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून टपाल नेत असे. अंतर ७५० किलोमीटरच्या वर. २१ डिसेंबर १९१० रोजी इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झजेराल्ड तीन साथीदार, पंधरा कुत्रे आणि तीन गाड्या घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून निघाले. प्रवास विक्रमी वेळात करायचा म्हणून त्यांनी शिधा कमी घेतला. वाट दाखवायला कार्टर नावाचा माजी शिपाई होता, पण त्यानं हा मार्ग पूर्वी एकदाच आणि तोही उलट्या दिशेनं केला होता. वाटेत त्यांना इसाऊ जॉर्ज हा ग्विचिन माणूस भेटला. ग्विचिन हे या डोंगराळ मुलखातले मूळ रहिवासी. जॉर्जनं काही दिवस त्यांना नीट वाट दाखवली. १ जानेवारीला फिट्झजेराल्ड यांनी त्याचे पैसे चुकते केले आणि त्याला निरोप दिला.

त्यानंतर ज्या ओढ्यावरून डोंगर ओलांडायचा तो ओढाच कार्टरला सापडेना. सगळे ओढे गोठलेले, सगळ्या दऱ्या पांढऱ्या. शोधण्यात आठवड्याहून जास्त वेळ गेला. जानेवारीच्या मध्यावर ते मागे फिरले तेव्हा अन्न जवळजवळ संपलं होतं. एकेक कुत्रा मारून खात ते परतीच्या वाटेला लागले. डॉसनला गाडी आली नाही म्हणून २८ फेब्रुवारीला कॉर्पोरल विल्यम डेम्पस्टर शोधाला निघाले. त्यांच्या तुकडीत चार्ली स्टुअर्ट हा ग्विचिन वाटाड्या होता. मार्चच्या २१ आणि २२ तारखेला त्यांना चारही मृतदेह सापडले. फिट्झजेराल्ड फोर्ट मॅकफर्सनपासून अवघ्या चाळीसेक किलोमीटरवर पडले होते. जळक्या काटकीनं कागदावर लिहिलेलं मृत्युपत्र त्यांच्या खिशात होतं, त्यात सगळं आईच्या नावे केलं होतं.

यानंतर दलानं ही वाट खुणा करून आखली, ठिकठिकाणी धान्याचे साठे आणि निवारे ठेवले. डेम्पस्टर कर्तबगार होते यात शंका नाही. पुढे रस्ता झाला तो साधारण याच जुन्या वाटांच्या आधारानं, आणि त्याला त्यांचं नाव देणं स्वाभाविकच होतं. तरीही मला वाटतं की या मार्गावर इसाऊ जॉर्ज आणि चार्ली स्टुअर्ट यांची नावं तितक्याच मोठ्या अक्षरांत असायला हवी होती. चार माणसं थंडीनं आणि भुकेनं गेली खरी, पण त्या थंडीत ग्विचिन लोक हजारो वर्षं मुलंबाळं वाढवत होते. कमी पडली ती वाट माहीत असलेल्या माणसाची किंमत.

आता रस्त्यावर येऊ.

पहिले सत्तर-ऐंशी किलोमीटर रस्ता चढत जातो आणि टूमस्टोन पर्वतरांगांत शिरतो. काळे, कातीव सुळके, खाली पिवळ्या-तांबड्या झुडपांचे उतार. ऑगस्टच्या अखेरीस इथे पानगळ सुरू होते आणि जेमतेम दोन-तीन आठवड्यांत आटोपते. हा भाग आणि पुढचा बराच मुलूख शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या चादरीखाली नव्हता, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. बर्फाची चादर व्हायला नुसती थंडी पुरत नाही, भरपूर हिमवर्षावही लागतो. इथली हवा थंड होती, पण कोरडी होती. समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त खाली गेलेली असल्यामुळे सैबेरिया आणि अलास्का जमिनीनं जोडलेले होते. या सगळ्या बर्फमुक्त पट्ट्याला शास्त्रज्ञ बेरिंजिया म्हणतात. तिथल्या गवताळ माळांवर मॅमथ, रानघोडे आणि मोठ्या शिंगांचे गवे चरत. २०२२च्या जूनमध्ये डॉसनजवळच्या खाणीत एका कामगाराला मॅमथचं पिल्लू सापडलं. तीस हजार वर्षांपूर्वी मेलेलं, तरी कातडी आणि केसांसकट जवळजवळ अखंड. पर्माफ्रॉस्टनं ते इतकं जपून ठेवलं होतं.

टूमस्टोन मागे पडला की ओगिल्वी डोंगर लागतात. हे चुनखडीचे, करड्या रंगाचे, माथ्यावर दगडांचे सुळके उभे असलेले. खडकातल्या लोहानं एका ओढ्याचं पाणी आणि काठ तांबूस केलेले आहेत, तर दुसऱ्या एका ठिकाणी गंधकाचा वास येतो. पुढे रस्ता एका लांबलचक कण्यावर चढतो आणि दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत माणसाची एकही खूण नसते. वीजवाहिनी नाही, शेत नाही, कुंपण नाही.

याच भागात खडी बदलते. बांधासाठी वापरलेला शेल खडक पापुद्र्यांसारखा फुटतो आणि त्याच्या कडा धारदार असतात. इथे टायर फुटतात ते याच दगडानं. पाऊस पडला तर प्रकार वेगळाच. धूळ बसावी आणि खडी घट्ट राहावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड शिंपडतात. ते हवेतला ओलावा धरून ठेवतं. त्याचा उपयोग मोठा आहे, पण ओल्या दिवसात हाच राखाडी राडा गाडीला चिकटतो, वाळला की सिमेंटसारखा कडक होतो. चाकांच्या आतल्या बाजूला त्याचे गठ्ठे जमले की चाकाचा तोल जातो आणि स्टिअरिंग थरथरू लागतं. नंबरप्लेट तर दिसेनाशीच होते. जाणते ड्रायव्हर मुक्कामाला पोचल्यावर आधी हे गठ्ठे काढतात आणि मग जेवायला बसतात.

३६९व्या किलोमीटरला ईगल प्लेन्स. गाव म्हणावं असं काही नाही. एक हॉटेल, पेट्रोल पंप, टायर दुरुस्तीचं गॅरेज आणि रस्ते विभागाचा तळ. ही जागा निवडण्यामागेही पर्माफ्रॉस्टच आहे. इथे कातळ थेट जमिनीच्या वर आलेला आहे, त्यामुळे इमारतीला खांब न रोवता सरळ पाया घालता आला. पुढे वादळ असलं की रस्त्याचं फाटक बंद करतात आणि सगळे प्रवासी, ट्रकवाले इथे अडकतात, कधी कधी काही दिवस. उत्तरेत हे कुणी फारसं मनावर घेत नाही.

तिथून छत्तीस किलोमीटरवर आर्क्टिक वृत्त. एक फलक, काही बाकं आणि पूर्वेला रिचर्डसन डोंगरांची गोल, उघडी रांग. हे डोंगर ओलांडताना युकॉन संपतो आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज सुरू होतात. याच पट्ट्यात हिवाळी चराईसाठी पोर्क्युपाइन कॅरिबूंचा, म्हणजे उत्तरेतल्या रेनडिअर हरणांचा, कळप येतो. २०१७च्या गणनेत तो सुमारे २ लाख १८ हजारांचा होता. हे प्राणी अलास्काच्या किनारी मैदानात विणीसाठी जातात आणि शरद ऋतूत परत डोंगरांकडे वळतात. ग्विचिन लोकांचं अन्न, कपडे, अवजारं, गोष्टी, सगळं या कळपाभोवती फिरत आलं आहे. १९७०च्या दशकात मॅकेन्झी खोऱ्यातून वायुवाहिनी न्यायचा बेत झाला तेव्हा न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांनी गावोगाव जाऊन लोकांचं म्हणणं त्यांच्या भाषांत ऐकलं. १९७७च्या अहवालात त्यांनी खोऱ्यातलं काम दहा वर्षं थांबवावं आणि उत्तर युकॉनच्या किनाऱ्यावरून वाहिनी कधीच नेऊ नये अशी शिफारस केली. कॅरिबूंची वीण हे त्यातलं एक मुख्य कारण होतं. एका सरकारी चौकशीनं शिकाऱ्यांच्या आणि आज्यांच्या साक्षी अभियंत्यांच्या अहवालांइतक्याच वजनाच्या मानल्या, याला मी फार मोठी गोष्ट मानतो.

डोंगर उतरल्यावर पील नदी आडवी येते आणि पुढे त्याहून रुंद मॅकेन्झी. दोन्हींवर पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेली नदी. पील नदीची पातळी सतत वर-खाली होते, त्यामुळे पक्का धक्का बांधण्यात अर्थ नाही. काठावर एक बुलडोझर असतो. पाणी उतरलं की तो खडी पुढे ढकलतो, चढलं की मागे घेतो, आणि बोट त्या ताज्या खडीच्या उतारावर येऊन टेकते. पोलादी दोरावर चालणारी ही बोट गाड्या, ट्रक आणि माणसं पलीकडे नेते.

ऑक्टोबरच्या सुमारास नदीतून बर्फाचे तुकडे वाहू लागले की बोट काढून घेतात. मग नदी गोठेपर्यंत थांबायचं. पृष्ठभाग गोठला की कामगार बर्फावर पाणी फवारतात, ते गोठून थर जाड होतो, मग पुन्हा पाणी. आधी हलक्या गाड्यांना परवानगी, बर्फाची जाडी वाढेल तशी वजनाची मर्यादा वाढवत नेतात आणि शेवटी भरलेले ट्रक नदीवरून जातात. वसंतात उलटा क्रम. मधल्या काही आठवड्यांत ना बोट ना बर्फ. तेव्हा पलीकडच्या गावांना दूध, भाजी, औषधं विमानानं येतात आणि दुकानातले भाव चढतात. बारमाही रस्ता हा शब्द इथे थोडा सांभाळूनच घ्यावा लागतो.

पील ओलांडल्यावर लगेच फोर्ट मॅकफर्सन, ग्विचिन लोकांचं गाव. फिट्झजेराल्ड आणि त्यांच्या तिन्ही साथीदारांच्या कबरी इथल्या चर्चच्या आवारात आहेत. आसपासच्या पठारावर पर्माफ्रॉस्ट वितळून उतारच्या उतार घसरत आहेत. हजारो वर्षं गाडलेला बर्फ उघडा पडतो, त्याची भिंत उन्हात मागे सरकत जाते आणि खाली राखाडी चिखलाची नदी वाहते. आर्क्टिक गेल्या चाळीसेक वर्षांत जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापला आहे. रस्त्यावर त्याचा परिणाम आधी कडेला दिसतो. हिवाळ्यात रस्त्यावरचं हिम बाजूला सारलं जातं आणि बांधाच्या पायथ्याशी साचतं. हिम उष्णतारोधक असल्यामुळे तिथली थंडी जमिनीत उतरत नाही. उन्हाळ्यात तिथेच पाणी तुंबतं. दोन्हींमुळे कडेखालचा बर्फ आधी सुटतो, बांध बाहेरच्या अंगाला कलतो आणि मधोमध लांब भेग पडते. दरवर्षी नवी खडी टाकून ती बुजवावी लागते.

इनुविक हे तीन हजारांवर वस्तीचं गाव १९५०च्या दशकात सरकारनं आखून वसवलं. जवळचं अक्लाविक पुरानं आणि धुपीनं वाहून जाईल अशी भीती होती. अक्लाविकच्या अनेक लोकांनी मात्र जायला नकार दिला आणि ते गाव आजही आहे. इनुविकची घरं खांबांवर उभी आहेत, कारण घराची ऊब जमिनीला लागली तर घरच कलंडेल. पाणी आणि सांडपाणी यांचे नळ जमिनीखाली पुरता येत नाहीत, म्हणून ते उष्णतारोधक पेट्यांतून जमिनीच्या वर, घरामागून घराकडे जातात. २०१० साली विनिपेगमध्ये तयार केलेली एक छोटी मशीद ट्रकवरून आणि मग मॅकेन्झी नदीतून तराफ्यावरून, चार हजार किलोमीटर प्रवास करून इथे आली. उत्तरेत नोकरी-धंद्यासाठी आलेल्या मुस्लिमांसाठी मॅनिटोबातल्या एका धर्मादाय संस्थेनं पैसे उभे करून ती आणली.

उन्हाळ्यात इथे सुमारे आठ आठवडे सूर्य मावळत नाही आणि डिसेंबरच्या सुरुवातीला गेलेला सूर्य महिनाभर वर येत नाही. मराठी वाचकाला इथे लोकमान्य टिळक आठवणारच. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथात त्यांनी वेदांतल्या दीर्घ उषेच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाच्या परिसरात असल्याचं मांडलं. हा सिद्धांत आज अभ्यासक स्वीकारत नाहीत. पण आर्क्टिक वृत्तापलीकडे दिवस, रात्र आणि उषा कशा वागतात याचा टिळकांनी तिकडे न जाता, गणितानं आणि वाचनानं केलेला विचार आजही वाचण्याजोगा आहे. इनुविकच्या हिवाळी दुपारी सूर्याविना दक्षिण क्षितिजावर काही तास लाली राहते. जानेवारीत सूर्याची पहिली कोर दिसली की गावात उत्सव होतो.

इनुविकच्या पुढचा टप्पा सर्वांत नवा. तुक्तोयाक्तुकला, लोक नुसतं 'तुक' म्हणतात, २०१७पर्यंत हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून आणि समुद्रावरून जायचं, उन्हाळ्यात विमानानं किंवा बोटीनं. २०१४ ते २०१७ या काळात सुमारे ३० कोटी कॅनेडियन डॉलर खर्चून रस्ता झाला. खडी वाहून नेण्याचं आणि भरावाचं मुख्य काम हिवाळ्यातच केलं, उणे तीस-चाळीस अंशांत, म्हणजे गोठलेल्या जमिनीला यंत्रांचा धक्का लागू नये. जमिनीवर आधी जाड कापड अंथरलं आणि मग भराव टाकला. दोन्ही टोकांकडून काम करत आलेली माणसं मध्ये भेटली. १५ नोव्हेंबर २०१७ला रस्ता सुरू झाला.

हा शेवटचा तुकडाही तेल-वायूचं स्वप्न दाखवूनच पुढे रेटला गेला होता. प्रत्यक्षात २०१६च्या अखेरीस कॅनडानं आर्क्टिक समुद्रात नव्या तेल परवान्यांवर बंदी घातली आणि २०१७च्या डिसेंबरमध्ये, रस्ता सुरू झाल्यावर महिनाभरात, मॅकेन्झी वायुवाहिनीचा प्रकल्प कंपन्यांनी गुंडाळला. ज्यासाठी रस्ता हवा होता ते गेलं. आज त्यावरून जातात किराणा, पेशंट, हॉकीचे सामने खेळायला निघालेली मुलं, लग्नाला आणि मयताला जाणारे नातेवाईक आणि उन्हाळ्यात पर्यटक. माझ्या मते रस्ता बांधायला एवढी कारणं पुरेशी आहेत.

तुकच्या वाटेवर झाडं हळूहळू खुजी होतात, मग नाहीशी होतात. उरतं ते टुंड्रा, हजारो तळी, आणि सपाट जमिनीतून वर आलेल्या गोल टेकड्या. या टेकड्यांना पिंगो म्हणतात. त्या प्रदेशात असे सुमारे १,३५० पिंगो आहेत. ते तयार होण्याची रीत मोठी रंजक आहे. खोल तळ्याखालची वाळू पाण्याच्या उबेमुळे गोठत नाही. तळ्याचा काठ फुटून पाणी निघून गेलं की ती ओली वाळू उघडी पडते आणि वरून, खालून, बाजूंनी गोठू लागते. गोठताना आतलं पाणी पिळून बाहेर ढकललं जातं. चहूबाजूंना कडक बर्फ असल्यामुळे त्याला वाट उरते ती फक्त वरची, जिथे झाकण पातळ आहे. पाणी तिथे दाबानं चढतं, गोठतं आणि माती-गवतासकट जमीन वर उचलतं. आत शुद्ध बर्फाचा गाभा, वर मातीचं कवच. तुकजवळचा इब्युक पिंगो ४९ मीटर उंच आहे, हजार वर्षांहून जुना आहे आणि अजून वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर वाढतो. कॅनडाचे भूगोलतज्ज्ञ जे. रॉस मॅके यांनी अनेक दशकं इथे मोजमापं करून ही प्रक्रिया उलगडली. इनुवियालुइट हे या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी. त्यांच्या शिकाऱ्यांना या टेकड्यांचा उपयोग त्याआधी कितीतरी पिढ्या ठाऊक होता. सपाट किनाऱ्यावर दिशा ओळखायला त्या खुणा होत्या आणि माथ्यावर चढलं की बेलुगा देवमासे आणि कॅरिबू लांबून दिसत.

नऊशेच्या आसपास वस्तीच्या तुकमध्ये जमिनीखाली सुमारे दहा मीटरवर खोदलेलं एक बर्फघर आहे. १९६३ साली गावकऱ्यांनी पर्माफ्रॉस्टमध्ये खोल्या कोरल्या आणि मासे, मांस साठवू लागले. शिडीनं खाली उतरताना भिंतीत माती आणि बर्फाचे वळ्यावळ्यांचे थर दिसतात. गावाच्या दुसऱ्या टोकाला मात्र हाच बर्फ संकट झाला आहे. समुद्रावर बर्फ उशिरा धरतो, लवकर सुटतो. उघड्या पाण्यावर वादळी लाटा उठतात आणि बर्फाळ मातीचा किनारा कापत जातात. बंदराला आडोसा देणारं बेट वर्षाला सुमारे दोन मीटर झिजतं आहे. काठावरची काही घरं उचलून आत हलवावी लागली आहेत.

हा प्रवास करायचा मनात असेल तर मधल्या जूनपासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ बरा. निघण्याआधी फेरीबोटींची आणि रस्त्याची ताजी स्थिती पाहून घ्या. भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा, कारण बऱ्याच कंपन्या खडीच्या रस्त्यावर गाडी न्यायला परवानगी देत नाहीत. पूर्ण आकाराची दोन जादा चाकं, इंधनाचा कॅन, चार दिवसांचा शिधा आणि सॅटेलाइटवर चालणारं संपर्कयंत्र बरोबर घ्या. दिवे दिवसाही चालू ठेवा, समोरून ट्रक आला की वेग कमी करून कडेला व्हा, पण अगदी काठावर जाऊ नका. तिथला भराव मऊ असतो. पिंगोवर गाडी चढवू नका आणि टुंड्रावर चाकं उतरवू नका, एकदा उमटलेली चाकोरी तिथे अनेक दशकं राहते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची बरीच जमीन ग्विचिन आणि इनुवियालुइट लोकांच्या मालकीची आहे. १९८४ आणि १९९२च्या करारांनी ती त्यांना मिळाली आहे. तिथे तंबू ठोकायचा असेल तर आधी विचारा. आणि गावात कुणी पुढच्या वाटेबद्दल, हवेबद्दल चार शब्द सांगितले तर थांबून ऐका.